समुद्राच्या घरी

समुद्राशी माझी ओळख तशी जुनी. पण ती सारी पुस्तकांतली. चौतीस वर्षे मी मराठी शिकविले. समुद्रावरच्या कविता शिकविल्या, लाटांवरचे अलंकार फळ्यावर सोडवून दाखविले, ‘अथांग’ आणि ‘धीरगंभीर’ ही विशेषणे मुलांकडून घोटवून घेतली. परंतु त्या अथांग पाण्यात मी कधी गुडघ्याच्या वर उतरलो नव्हतो. शाळेची सहल कोकणात नेली, तेव्हाही विजारीचे पाय दुमडून मी काठावर उभा राहिलो आणि शिट्टी वाजवून मुलांना मागे बोलावीत राहिलो. मुलांना वाटे, गुरुजी आपली किती काळजी घेतात! खरी गोष्ट अशी, की गुरुजींना पाण्याचे भय वाटे.

या भयाचे मूळ आमच्या गावच्या विहिरीत होते. आमच्याकडे देशावर मुलांना पोहावयास शिकवीत, ते पाठीला वाळका भोपळा बांधून. भोपळा तरंगे, म्हणून मूलही तरंगे. मी नऊ वर्षांचा असताना एके दिवशी दोरीची गाठ सुटली. भोपळा एकीकडे गेला आणि मी दुसरीकडे. नाकातोंडात पाणी गेले. माझे पाय तळ शोधीत होते आणि तळ काही सापडत नव्हता. कोणीतरी केस धरून मला वर ओढले. त्यानंतर मी विहिरीकडे फिरकलो नाही. पुढे केस पांढरे झाले, पण पायांना ती गोष्ट आठवत राहिली.

गेल्या पौषात जोडून सुट्टी आली, तेव्हा माझ्या बारा वर्षांच्या नातीने हट्ट धरला, “आजोबा, आपण मालवणला जाऊ. तिथे समुद्रात डोके घालून मासे पाहता येतात.”

“तू पाहा,” मी म्हणालो, “मी काठावर बसून तुझ्या चपला सांभाळीन.”

घाट उतरताच हवा बदलली. कोरड्या माळांच्या जागी माडापोफळींच्या बागा दिसू लागल्या आणि दिवस मावळण्यापूर्वी आम्ही मालवणच्या धक्क्यावर येऊन उभे राहिलो. समोर पाण्यात सिंधुदुर्ग दिसत होता. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर शिवाजी महाराजांनी 1664 साली या किल्ल्याचे काम सुरू करविले आणि सुमारे तीन वर्षांत ते पुरे झाले. बेटाचा विस्तार अठ्ठेचाळीस एकरांचा. दुसऱ्या दिवशी होडीतून किल्ल्याकडे जाताना नात दरवाजा शोधीत होती. तटाच्या दोन भिंतींच्या वळणात तो असा लपविलेला आहे, की अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चहूंकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे! नातीने तिन्ही विहिरींत डोकावून पाहिले. मी दुरूनच पाहिले. विहिरींशी माझे जमत नाही, हे वर सांगितलेच आहे.

होडी वल्हविणारा तरुण पंचविशीचा असेल. त्याचे वडील तांडेल होते, म्हणजे मासेमारीच्या होडीचे प्रमुख. हा मात्र मासेमारीच्या जोडीला पाहुण्यांना समुद्र दाखवावयास नेई. किल्ल्याभोवती पाण्यातून डोकी वर काढलेले काळे खडक दाखवून तो म्हणाला, “या खडकांमुळे शत्रूची गलबतं किल्ल्याजवळ येऊ शकत नव्हती. आणि याच खडकांवर खाली पोवळ्यांची वस्ती आहे. उद्या दाखवतो. उद्या अष्टमी, भांग आहे, पाणी शांत असेल.”

“भांग म्हणजे?” नातीने विचारले.

मग त्याने आम्हांला जे सांगितले, ते मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात शिकविले नव्हते. चंद्र आणि सूर्य या दोघांच्या ओढीने समुद्राचे पाणी चढते. अमावास्येला आणि पौर्णिमेला ते दोघे एका रेषेत येतात. त्यांची ओढ एकवटते आणि भरती मोठी येते. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास त्यांच्या दिशांत काटकोन पडतो. एकाची ओढ दुसऱ्याच्या कामी येत नाही, पाणी थोडेच चढते आणि थोडेच उतरते. तो भांग. प्रवाहाला त्या दिवशी जोर नसतो आणि तळचा गाळ फारसा ढवळत नाही.

“आणि भरतीची वेळ कशी कळते?”

“तिथीची पाऊणपट करायची. आज सप्तमी. सात पाऊणे?”

“सव्वापाच,” मी म्हणालो. पाढे माझे अजून पक्के आहेत.

“म्हणजे सव्वापाचच्या सुमाराला भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. तास-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आमचे आजे-पणजे याच हिशेबावर होड्या हाकीत.”

नातीने लगेच उद्याचा हिशेब केला : आठ पाऊणे सहा, सहाला भरती, बाराला ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागून तितकीच उशिरा येते, हे भूगोलाच्या पुस्तकात असते. पण ते पाऊणकीच्या पाढ्यात बसविण्याची युक्ती ज्याला प्रथम सुचली, त्या अनामिक कोळ्याला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला होडी खडकांच्या रोखाने निघाली. चपला सांभाळावयाचे माझे काम होडीतच आटोपले, कारण नातीने माझ्याही नावाचे पैसे भरून टाकले होते. पाणी उतरत आले होते. होडीवाल्याने नांगर टाकला नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या एका बोयाला त्याने दोर बांधला. “नांगर टाकला तर तो खाली पोवळ्यांच्या डोक्यात बसतो,” तो म्हणाला. मग त्याने आम्हांला तरंगणारी जाकिटे घातली, डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मुखवटा बांधला आणि तोंडात धरावयास नळी दिली. नळीचे एक टोक पाण्याबाहेर राहते. तोंडाने श्वास घ्यावयाचा आणि पाण्यावर पालथे तरंगत खाली पाहावयाचे. याला स्नॉर्कलिंग म्हणतात. आम्हां दोघांना एकेक रबरी कडे धरावयास देऊन तो शेवटी म्हणाला, “एकच लक्षात ठेवा. काहीही झालं तरी पाय खाली टेकू नका. दम लागला तर माझा हात धरा. पण पाय टेकू नका.” हे त्याने तीनदा सांगितले. मी वर्गात ज्या स्वरात सूचना देत असे, त्याच स्वरात मला कोणी सूचना देत आहे, याची मला थोडी गंमत वाटली.

मी पाण्यात कसा उतरलो, ते मला नीट आठवत नाही. डोके पाण्यात घालून पहिला श्वास घेतला, तेव्हा नळीतून माझ्याच श्वासाचा आवाज भात्यासारखा कानांत भरला. डोळे मी घट्ट मिटले होते. ते उघडले आणि भीती कोठल्या कोठे गेली.

खाली एक गाव वसले होते. काळ्या खडकावर घुमटासारखे गोल, पिवळसर-तपकिरी प्रवाळ होते. काहींच्या अंगावर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी होती. आणि काही प्रवाळ कोबीची पाने एकावर एक रचावीत तसे पसरले होते. त्यांच्यामधून माशांची ये-जा चालली होती. पिवळ्या पाठीवर काळे उभे पट्टे असलेले मासे गणवेशातल्या मुलांसारखे रांगेने गेले. एक निळसर मासा खडकाला तोंड लावून कुरतडीत होता आणि त्याच्या कुरतडण्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. प्रवाळाला आपण दगड समजतो, कोणी झाड समजतात. परंतु तो एक प्राणी आहे, किंबहुना हजारो प्राण्यांची एक वसाहत आहे. ज्वारीच्या दाण्याएवढा एकेक मऊ जीव समुद्रातला चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतो, त्याच्या घराला लागून दुसरा बांधतो, आणि अशा घरांचा तो घुमट होतो. या जिवांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि घरमालकाला भाड्यादाखल देते. प्रवाळाचा रंगही बराचसा त्या भाडेकरूचाच. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंश अधिक तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तर हा भाडेकरू निघून जातो. मग प्रवाळ पांढराफटक पडतो आणि पाणी लवकर निवले नाही तर उपाशी मरतो. मालवणच्या समुद्रात काही वर्षी असे झाले आहे. त्या दिवशी मात्र गाव नांदते होते.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. बहुधा जवळून एखादी होडी वेगाने गेली असावी. एक लाट माझ्या डोक्यावरून गेली आणि नळीत पाणी शिरले. खारट पाणी घशात गेले आणि त्या क्षणी मी साठी ओलांडलेला मुख्याध्यापक राहिलो नाही. मी नऊ वर्षांचा होतो आणि माझी गाठ सुटली होती. हातातले कडे सुटले. पाय तळ शोधू लागले.

या वेळी तळ सापडला. पायाखाली काहीतरी आले, मी सर्व भार त्यावर टाकला आणि ते कटकन मोडले. तो आवाज मी कानांनी ऐकला की तळव्याने, सांगता येत नाही.

होडीवाल्याने मला काखेत धरून वर उचलले, कड्याशी नेले आणि मुखवटा काढला. मी खोकलो, श्वास घेतला, ठीक झालो. मग त्याने खाली बुडी मारली. वर येताना त्याच्या हातात पानासारखा पसरट प्रवाळाचा एक तुकडा होता; तो त्याने पाण्याबाहेर न काढता पाण्याखालीच धरला. आता तो त्याच्या घरच्या बोलीत बोलला, “ह्यो मोडलो कसो?”

“आधीच मोडलेला असेल,” मी म्हणालो.

मुलांनो, हे वाक्य माझ्या तोंडून किती सहज गेले! चौतीस वर्षांत फुटलेल्या काचा, हरवलेले खडू, फाटलेले नकाशे यांच्याभोवती उभ्या असलेल्या मुलांच्या तोंडून हेच वाक्य मी शेकडो वेळा ऐकले होते, आणि प्रत्येक वेळी मला ते ओळखू आले होते.

होडीवाला काही बोलला नाही. नातीने मात्र त्या तुकड्याला वीत लावून पाहिली. तो बरोबर तिच्या वितीएवढा भरला. तिने विचारले, “हा एवढा वाढायला किती दिवस लागतात?”

“दिवस?” तो म्हणाला, “हा वर्षाला बोटाच्या एका पेराहूनही कमी वाढतो.”

तिने बोटे मोजली. “म्हणजे दहा-बारा वर्षं. आजोबा, हा माझ्याएवढा आहे.”

तुकडा घरी नेता येईल का, असे तिने विचारले नाही. विचारले असते, तरी नेता आला नसता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला वाघाच्या पंक्तीला बसविले आहे; त्याला तोडणे किंवा नेणे हा गुन्हा आहे. होडीवाल्याने पुन्हा बुडी मारली आणि खडकाच्या एका फटीत तो तुकडा, जिवंत बाजू वर ठेवून, घट्ट बसविला. तुकडा हलला नाही आणि त्यावर गाळ बसला नाही, तर तो कधी कधी खडकाला धरतो आणि पुन्हा वाढू लागतो.

दुपारी जेवताना नात गप्प होती. मीही गप्प होतो. माझ्या तळव्याला एक लांब ओरखडा पडला होता. त्यात खारे पाणी गेल्याने तो चुरचुरत होता.

संध्याकाळी आम्ही चिवल्याच्या किनाऱ्यावर गेलो. तेथे रापण ओढणे चालले होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे मोठे जाळे. होडीने ते समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकून येतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसे दोन रांगांनी ओढतात. यंत्र नाही, इंजिन नाही. वीस-पंचवीस माणसांची मनगटे. सारे सभासद भागीदार असतात, म्हणून मासळीचे वाटे होतात आणि ओढू लागणाऱ्या परक्यालाही मूठभर मासळी मिळते. यांत्रिक नौकांच्या मोठ्या जाळ्यांपुढे रापणीच्या वाट्याला आता पूर्वीसारखी मासळी येत नाही, ही या लोकांची जुनी तक्रार आहे, आणि ज्याने तो दोर एकदा हातात धरला आहे, त्याला ती खोटी वाटणार नाही.

रांगेत आमचा होडीवाला होता. त्याने हाक मारली, “या गुरुजी, हात लावा!” मी त्याच्यामागे दोर धरला, माझ्यामागे नात. ओले, जाड दोर तळहाताला सोलून काढीत होते. एक पाऊल मागे, थांबावयाचे, पुन्हा एक पाऊल मागे. असे पाऊण तास चालले. बोलता बोलता त्याने सांगितले, की 1987 साली येथला समुद्र अभयारण्य म्हणून घोषित झाला, तेव्हा आपली मासेमारी बंद पडेल या धास्तीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला. त्याच्या वडिलांचाही विरोध होता. “पण बाबा नांगर मात्र खडकावर कधी टाकीत नसत. म्हणत, तिथे माशांची पोरं वाढतात.”

मी दोर ओढता ओढता त्याच्या पाठीला म्हणालो, “सकाळचा तो प्रवाळ आधी मोडलेला नव्हता. माझ्या पायाने मोडला. मी तुमच्याशी खोटे बोललो.”

त्याने मागे पाहिले नाही. पाहता येणार नव्हते, दोर ताणलेला होता. तो म्हणाला, “माका ठावक होता, गुरुजी. तुमच्या पायाक रगात इलेला बघलंय मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“नात होती ना जवळ.”

माझ्यामागून आवाज आला, “मी पण पाहिलं होतं, आजोबा. माझं डोकं पाण्यातच होतं.”

यावर मी काय बोलणार? मी दोर ओढीत राहिलो. थोड्या वेळाने जाळ्याचा घोळ काठाशी आला. त्यात तारल्या आणि थोडे बांगडे चांदीसारखे तडफडत होते. वाटे झाले. आमच्या वाट्याला चार बांगडे आले. होडीवाल्याने ते माडाच्या झावळीच्या हिराने ओवून नातीच्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी नवमी. नऊ पाऊणे पावणेसात. ओहोटी पाऊणच्या सुमारास. आम्ही पुन्हा गेलो. या वेळी पैसे मी भरले. पाण्यात उतरण्यापूर्वी होडीवाल्याने मला नळीतले पाणी फुंकून बाहेर कसे टाकावे, ते शिकविले आणि होडीच्या कडेला धरून दहादा करून घेतले. आदल्या दिवशीच तो हे शिकविता तर, असे माझ्या मनात आले. पण विद्यार्थ्याने अशी सबब सांगितलेली मला कधी खपली नव्हती. पाण्यात असताना दोनदा नळीत पाणी शिरले. दोन्ही वेळा पाय खाली जाऊ पाहत होते. मी गुडघे पोटाशी घेतले, जोराने फुंकर मारली आणि तरंगत राहिलो. नातीने बोट करून ती फट दाखविली. तुकडा जागच्या जागी होता. त्याच्यावरून पट्टेरी माशांची रांग गेली.

पुढे उन्हाळा गेला, पाऊस सुरू झाला. पावसाळ्यात तेथे पाहुण्यांना समुद्रात नेत नाहीत. नद्यांचा गाळ येतो, दर्या खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेनंतर मी होडीवाल्याला दूरध्वनी केला. तो म्हणाला, “पाणी अजून गढूळ आहे, गुरुजी. खालचं काही दिसत नाही. कार्तिकात निवळेल, तेव्हा बघून सांगतो.”

“सांगू नका,” मी म्हणालो, “आम्हीच येतो.”

नातीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत कार्तिकातल्या शुद्ध अष्टमीभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढले आहे आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहिले आहे : ‘भरती सहा, ओहोटी बारा.’